सोळा व्होल्टचा कॅपॅसिटर

दादा,

आईच्या हवेच्या गादीचा पंप चालू करायला जाऊ नकोस. तू परवा दुरुस्त केलेला त्याचा पॉवर सप्लाय आज फुटला. खोलीभर कुजक्या मासळीसारखा वास सुटला होता. फुटलेल्या कॅपॅसिटरचं बोर्डवर सांडलेलं चिकट पाणी पुसताना शिसारी आली, पण त्या पाण्याची नाही, तुझी.

चोवीस व्होल्टच्या लाइनवर सोळा व्होल्टचा कॅपॅसिटर? का, तर डब्यात तोच सापडला आणि जागेत नीट बसला! "बदली पार्ट जास्त व्होल्टचा चालतो, कमीचा कधीच नाही," हे मला सोल्डरिंग शिकवताना कोण बजावायचं? तुला माहीत नसतं, तर मी गिळलं असतं. माहीत असून तू वेळ मारून नेलीस, तीही आईच्या पाठीवर.

मी पस्तीस व्होल्टचा आणायला बाजारात जातेय. तोवर तिची कूस बदलत राहा. पाठीची जखम पुन्हा ओली झालीय. नाक न मुरडता बघ.

गादीतली हवा गेल्यावर मी कामावरून येईपर्यंत ती पलंगाच्या फळीवरच पडून होती. शेजारी हाक का मारली नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "त्यानं एवढं मनापासून दुरुस्त केलं होतं गं. त्याला सांगू नकोस."

आत गेलास की ती म्हणेल, "पंपाच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून गादी मीच बंद करायला लावली." हो म्हण. तिच्या डोळ्यांत बघून म्हण.

धाकटी