काढलेले कंस

सोमवार, संध्याकाळ. बारामती.

महेशचं तोंड बघायची इच्छा नाही. धंद्यातला पार्टनर म्हणे!

ठिबकच्या कंट्रोलरसाठी मी नियम लिहिला होता: (माती कोरडी किंवा ऊन कडक) आणि ताण संपला. म्हणजे बहार धरायला डाळिंबाचं पाणी तोडून बाग ताणावर ठेवलीय, तोवर व्हॉल्व्ह बंदच. या शहाण्यानं मला न विचारता कंस काढले. शेतकऱ्यांना किचकट दिसतात म्हणे! कंस गेले की मशीन 'आणि' आधी धरतं, 'किंवा' मागून. मग नुसती माती कोरडी असली तरी पाणी सुटतं. अरे, ताणावरच्या बागेत माती कोरडीच असणार ना?

निमगाव केतकीच्या तात्यांची अख्खी बाग भिजली. फोनवर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "पोरी, ताण मोडला की गं. आता फुलं कुठली येत्यात? नुसता पाला." महेशनं फोन हिसकावून सांगितलं, "रेंजचा प्रॉब्लेम हाय, तात्या." धडधडीत खोटं.

कंस मी परत घातले. तर हा म्हणतो, "झालं ना नीट? मग कशाला चिडतेस?"

उद्या त्याला त्या बागेत नेऊन उभा करणार आहे. दाखव म्हणावं तात्यांना, काय नीट झालंय ते.