नवसाची दाढी

अण्णा,

तुमचा वस्तरा मी वापरायला काढलाय. तुम्ही गेल्यावरही आई त्याला अधूनमधून गोडेतेल लावायची आणि तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मागच्या वर्षी ती गेली आणि तो फडक्यासकट माझ्याकडे आला, इथं जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये. तुमच्या सुनेनं विचारलं, "पन्नाशी उलटल्यावर हे काय नवीन खूळ?" मी म्हटलं, छंद आहे. ती हसली आणि बाथरूममधला तिचा टॉवेल उचलून लांब ठेवला. तुम्हाला मात्र खरं सांगतो. दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतोय. सारखा नाही. मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आपला आपण हलायला लागतो, वरण वाढून घेताना पळी ताटाच्या कडेला वाजते. मला वाटलं, ज्या हातानं वस्तऱ्यानं दाढी करता येते तो हात काही बिघडलेला नसणार. डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मला हे सोपं वाटलं. हसू नका.

धार लावून घ्यायला सात रस्ता चौकात गेलो. तुमचं शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान होतं तिथून चार पावलांवर तुमच्या वेळचे ते म्हातारे चाचा अजून केस कापतात. वस्तरा उघडून त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "साब, हम भी अब पत्ती बदल के करते. इसकू कायकू निकाले?" पण धार लावून दिली, आणि मी शिकायचं म्हटल्यावर खुर्चीत बसवून शिकवलंही. गरम पाण्यानं दाढी चांगली भिजू द्यायची. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची. पातं गालावर जवळजवळ निजवायचं, उभं केलं की चिरलंच. जोर अजिबात द्यायचा नाही. चामड्याच्या पट्ट्यावर ओढताना पात्याची जाड पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जातो. "पहले गालाँच करो," ते म्हणाले, "ठुड्डी कू नक्को जाओ." म्हणून सुरुवातीचे दिवस मी फक्त गाल करत होतो आणि हनुवटी, ओठ, गळा नेहमीच्या रेझरनं उरकत होतो. गाल बरे जमले. एका सकाळी तर खुंट कापला जातानाचा तो बारीक करकर आवाज ऐकून मी आरशात बघून स्वतःशीच हसलो. तो आवाज मी आपल्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

उजेड तिथंच चांगला म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला आरसा टांगला होता. आई चुलीवरचं पाणी पितळी गडूत ओतून देते, तुम्ही उघड्या अंगानं पाटावर बसता, मान तिरकी करता आणि म्हणता, "आता कुणी हालू नका रं." आम्ही खरंच हलत नाही. आई भाकरी थापायची थांबते. एकदा मी त्या वस्तऱ्यानं पेन्सिलीला टोक काढलं. दुसऱ्या दिवशी तो तुमच्या गालावर अडखळला आणि तुम्ही अर्ध्या फेसानिशी अंगणात आलात. "पेन्सिलीला वस्तरा लावतोस व्हय? आरं, धार गेली की त्याची!" त्या दिवशी तुम्ही माझी बिनपाण्यानं केलीत, आणि दुपारी दुकानातून येताना मला टोकयंत्र घेऊन आलात. लाल रंगाचं. कधी काही दिलं तर असंच, न बोलता.

आणि मग तुम्ही दाढी सोडलीत. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आठवडा झाला, महिना झाला, आईनं विचारलं तर म्हणालात, "नवस बोललोय." कुठल्या देवाला? "ते सांगायचं नसतंय." संपलं. आपल्याकडे नवसाच्या दाढीला कोण काय बोलणार? गल्लीत मान मिळायला लागला, दुकानातली गिऱ्हाइकं तुम्हाला नमस्कार करायला लागली. आम्हाला वाटलं, माझ्या नोकरीसाठी असेल. मी कायम झालो, तरी दाढी होतीच. मग वाटलं माझ्या लग्नासाठी, मग नातवासाठी. दर वेळी आई आशेनं पाणी तापवायची आणि म्हणायची, "आता तरी फेडा की." तुम्ही म्हणायचात, "अजून न्हाय." एका थंडीत न्यूमोनिया झाला आणि तुम्ही पांढऱ्या दाढीनिशीच गेलात.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. नवस अपुरा राहिला म्हणून आईचा जीव टांगणीला लागला. माझ्यासाठी बोललेला नवस, तो फिटला नाही तर माझ्यावर येणार, असं तिनं मनात घेतलं. देव कुठला ते तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं सगळ्यांचीच फेड करायचं ठरवलं. सिद्धेश्वराला अनवाणी गेली. तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं. तिच्या माहेरी दुधनीला शेताच्या बांधावर एक शेंदूर फासलेला दगड आहे, त्यालासुद्धा नारळ फोडून आली. आम्ही थट्टा करायचो. पण शेवटच्या आजारपणातही ती माझा हात धरून म्हणाली, "कुठला तर देव राहिला बघ. लई घोर लागलाय मला."

गेल्या सोमवारी मी हनुवटीला गेलो. पातं टेकवलं आणि त्याचं टोक कातडीवर टकटक वाजायला लागलं. मी श्वास धरला, मनगट घट्ट केलं, तर जास्तच. चिरलं. तुरटी दाबून धरली आणि ती झोंबत असतानाच मला एकदम तुमचं दुकान दिसलं. मशीन दुरुस्त करून झालंय, बाई समोर उभी आहे, आणि तुम्ही दोऱ्याचं टोक तिच्यापुढं करून म्हणताय, "सुई तुमीच ओवा, माझा चष्मा बदलायचा हाय." दर गिऱ्हाइकाला हेच. चष्मा तर तुम्ही बदललात, तरीही हेच. आणि दाढी त्याच वर्षीची. अण्णा, नवस नव्हताच ना? तुमचा हात हलत होता, आणि तुम्हाला तो खिडकीतल्या उजेडात, आईच्या समोर हललेला चालणार नव्हता.

मला तुमचा राग आला. अजून आहे. मी तुमची दाढी केली असती, चाचांना घरी आणलं असतं. ते जाऊ द्या, पण आई ज्या देवाच्या शोधात गेली तो देवच नव्हता. तिला तरी तुम्ही एकदा सांगायला हवं होतं. तुमची लाज राखली गेली आणि तिच्या जिवाला घोर लागला. हे मी तुम्हाला तोंडावर बोललो असतो की नाही, माहीत नाही. बहुतेक नसतो.

त्या सोमवारनंतर मी दाढीच केली नाही. काल सकाळी चहा देताना तुमची सून म्हणाली, "अहो, किती दिवसांची ही? अण्णांसारखा नवस बोललात की काय?" थट्टेनंच म्हणाली. आणि 'हो' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. इतका सोपा होता की मला घाम फुटला. एवढं बोललं की वर्षानुवर्षं कुणी काही विचारणार नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि हात तिच्यापुढं टेबलावर नुसता ठेवून दिला. अंगठा हलायला लागला. तिनं त्यावर आपला हात ठेवला नाही, फक्त बघत राहिली. मग म्हणाली, "मला दिसतंय की. संक्रांतीपासून तुम्हाला चहा अर्धा कपच देते मी, सांडू नये म्हणून. तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते." मी वेड्यासारखा समजत होतो की माझ्या रक्तातल्या साखरेमुळं कमी देते. उद्या डॉक्टरकडे जायचंय, तिनंच नंबर लावलाय.

इथून पुढं अक्षर तिचं आहे. माझं ओळीगणिक बारीक होत चाललं होतं, मलाच वाचता येईना. वरचं सगळं तिनं वाचलं. आईंचं वाचताना पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, सांगा पुढचं. पाठवायचं कुठं, हे तिनंही विचारलं नाही. मी बोलतोय, ती लिहितेय. आत्ता मी मधेच थांबलो, तर तिनं मान वर करून विचारलं, "भीती वाटते, असं लिहू का?"

लिही, म्हटलं.