एका खुर्चीचे दोन मालक

३ तारीख, सोमवार
नाट्यगृहाच्या तिकिटांच्या साइटने एकच खुर्ची दोघांना विकली. साहेब हादरले. त्यांना पुन्हा समजावलं: कॅश म्हणजे रोकड नव्हे. चारही सर्व्हर विकलेल्या खुर्च्यांची यादी हाताशी ठेवतात, ती कॅश. एकाने खुर्ची विकली की बाकी तिघांना कळतं. बहुतेक कुणाला तरी कळलं नाही. जेवणाआधी उरकतो. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ही सगळी रचना माझीच.

मंगळवार
उरकलं नाही. दोष नेटवर्कचा. नेटवर्कवाल्याने उलट आलेख पाठवला: सगळं ठणठणीत. आलेख काय, कुणीही काढतं. टेस्टिंगवाली म्हणाली, चारही सर्व्हरच्या सेटिंगच्या, म्हणजे कॉन्फिग फाइल्स शेजारी ठेवून बघू या का? म्हटलं, बाई, त्या मी स्वतः लिहिल्यात. विषय संपला.

बुधवार, दुपार
रामबाण सापडला. ट्रान्झॅक्शन! आधी खुर्चीला लॉक, मग विक्री. मधेच काही फिसकटलं तर सगळं पूर्ववत. चालू केलं. सासू-सासऱ्यांना शनिवारच्या नाटकाची तिकिटं मुद्दाम आपल्याच साइटवरून काढून दिली. हिला म्हटलं, माझा माझ्या कामावर विश्वास आहे. हिने तिकिटांच्या दोन-दोन प्रती छापून घेतल्या. भारावली असावी.

गुरुवार
लॉक लागतात, सुटत नाहीत. दोन गिऱ्हाइकं एकमेकांना हवी असलेली खुर्ची धरून बसली, कुणीच सोडेना, मागची सगळी रांग अडकली. सकाळपासून विक्री शून्य. म्हणजे दुबार विक्रीही शून्य, हे मी साहेबांच्या नजरेस आणलं. त्यांनी मला दाराकडे बोट दाखवलं. कौतुक नंतर करतील. ट्रान्झॅक्शन बंद.

शनिवार, संध्याकाळ
नाट्यगृहातून सासऱ्यांचा फोन. सासूबाईंच्या खुर्चीवर एक गृहस्थ. त्यांच्याकडेही तिकीट. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जावयाने काढलंय." गृहस्थ म्हणाले, मग त्यालाच विचारा. शेवटी सासरे उठले आणि पहिला अंक दाराशी उभे राहिले. हिने माझ्या हातातून फोन घेऊन वडिलांची माफी मागितली. साहेबांनी कॅशच बंद करायला लावली; आता प्रत्येक सर्व्हर दर वेळी एकाच मूळ नोंदवहीत बघणार. म्हटलं, साइट रांगायला लागेल. पस्तावतील.

सोमवार
टेस्टिंगवालीने न विचारता फाइल्स शेजारी ठेवल्या. चारही सर्व्हर ज्या गटात एकमेकांना कळवतात, त्याच्या नावात तिसऱ्या सर्व्हरच्या फाइलीत एक अक्षर चुकलेलं. बिचारा स्वतःचा वेगळा गट काढून एकटाच खुर्च्या विकत होता. इतरांचं लॉक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मला शंका होतीच. आता कॅश दिमाखात परत आणतो.

गुरुवार
कॅश अजून बंदच. साहेब म्हणाले, राहू दे. आठवडा होत आला, साइट हळू चालते अशी एकही तक्रार नाही. हिलाही विचारलं, काही फरक जाणवतो का? म्हणाली, कशात?