जिवंत मुद्देमालाचे पाणी बदलण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
पुंता कांग्रेहो सागरी राखीव क्षेत्र,
जिल्हा कचेरी.

अर्जदार : एउफेमिया ओसोर्तो, धंदा गळाने मासेमारी, राहणार धक्क्यामागची वस्ती, पुंता कांग्रेहो.

विषय : जप्त केलेल्या तारल्या जिवंत ठेवण्याचे काम अर्जदार आजपासून बंद करीत असल्याबाबत.

संदर्भ : १) रक्षक नीकानोर बार्दालेस याने केलेला पंचनामा. २) आपला निरोप : "मुद्देमाल जिवंत दाखवावा." ३) सुनावणी पुढे ढकलल्याची आपली सर्व पत्रे.

महोदय,

१. आपल्या नियम चारप्रमाणे धक्क्यावरून फेकजाळे टाकून आमिषापुरते बारीक मासे धरण्यास मुभा आहे. त्याप्रमाणे अर्जदार हिने तारल्या धरल्या, बादलीत घातल्या व ती होडीने हद्दीच्या पिवळ्या तरंगत्या बोयापाशी गेली. तेथे रक्षक नीकानोर याने अडवून सांगितले की, नियम अकराप्रमाणे हद्दीतला जिवंत प्राणी हद्दीबाहेर नेता येत नाही. हद्दीच्या आत गळ टाकावा, तर नियम सातप्रमाणे त्यालाही बंदी. अर्जदार हिने विचारले, "मग हे आमिष लावू कुठे, तुझ्या टोपीला?" त्यावर तो म्हणाला, "तळून खा." नियम चारची दुसरी ओळ अशी आहे की, आमिषाचे मासे खाण्यासाठी वापरू नयेत. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी आयुष्यात तारली पाहिली असल्यास ती डब्यातली असावी.

२. जाळे व बादली जप्त होऊन धक्क्याच्या पायथ्याशी असलेल्या रक्षकाच्या खोपटात गेली. संध्याकाळी नीकानोर अर्जदाराच्या दारात. "धर्ममाय, तारल्या तोंड वर काढायला लागल्यात. पाणी बदल ना."

"तू बदल. हात मोडलेत?"

"मी? दुसऱ्याच्या आमिषाचं पाणी? वर्षभर माझ्या गळाला शेवाळ लागेल!"

आपण डोंगराकडचे, म्हणून सांगणे भाग आहे. आमच्या किनाऱ्यावर ज्याने आमिष धरले त्यानेच त्याचे पाणी बदलायचे. दुसऱ्याने हात लावला की त्याच्या गळाची बरकत जाते. नीकानोर सरकारी गणवेशात असला, तरी रविवारी गळ टाकतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यास अर्जदाराने हातावर धरले होते. पाण्याची त्याची भीती तेव्हापासूनची. अर्जदार गेली नाही. सकाळी सर्व मुद्देमाल उताणा.

३. त्याच दिवशी आपला निरोप आला. नीकानोर याने स्वतः लावलेले लाखेचे सील स्वतः फोडले, जाळे आणून अर्जदाराच्या हाती दिले व म्हणाला, "एकच फेक गं. माझी नोकरी जाईल." अर्जदार हिने जाळे टाकले. तारल्या मुद्देमालात जमा झाल्या, जाळे पुन्हा सीलबंद झाले. आपण सुनावणी पुढे ढकललीत. बादलीतल्या तारल्यांनी मरण काही ढकलले नाही. तेव्हापासून रोज सकाळी, ज्या जाळ्याने ज्या धक्क्यावर गुन्हा केल्याचा आरोप आहे, त्याच जाळ्याने त्याच धक्क्यावर अर्जदार शासनासाठी मासे धरते आणि पाणीही बदलते. पंचनाम्यातली एकही तारली आज हयात नाही. मेलेला मुद्देमाल खोपटाच्या पायरीवर बसणारा पेलिकन पक्षी खातो. आपल्या खात्यात पोटभर जेवून हजेरी लावणारा तेवढा एकच सेवक अर्जदाराच्या पाहण्यात आहे. धक्क्यावरच्या बाया हाका मारतात, "काय गं सरकारी कोळीण, पेन्शन कधी?"

४. यात हसण्यासारखे जे आहे ते आपण हसून घ्यावे. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा तोंडावर आला आहे; झावळ्यांच्या रविवारी तो सुरू होतो, मग घरोघरी मांस बंद आणि मासळीला भाव. बोयापलीकडच्या खडकावर तांबोशी मासळी लागली आहे. ती मेल्या आमिषाकडे पाहतही नाही. होडीवाला क्रेसेन्सिओ याने सांगून टाकले आहे, "झावळ्यांच्या रविवारपर्यंत तुझी जागा राखतो, एउफेमिया. पुढे मेव्हण्याला बसवणार." जाळे नाही तर आमिष नाही, आमिष नाही तर होडीत जागा नाही, आणि या वयात दुसरी होडी कोणी देत नाही. झावळ्यांचा रविवार परवा आहे. आपली नवी तारीख ईस्टर उलटून गेल्यावरची आहे.

५. सबब, जाळे परत मिळावे अशी अर्जदाराची आता विनंती नाही. आज सकाळी नीकानोर याने ते नेहमीप्रमाणे आणून दिले. या खेपेस अर्जदार हिने ते परत केलेले नाही. तो मागे मागे घरापर्यंत आला, दारात रडला, भात खाऊन गेला. त्यास कामावरून काढू नये; त्याने जे केले ते आपल्या निरोपापायी केले.

उद्या पहाटे अर्जदार हे जाळे टाकून, बादली भरून, क्रेसेन्सिओच्या होडीने पिवळ्या बोयापलीकडे जाईल. अडवायचे असल्यास आपण स्वतः यावे. मात्र जप्त कराल त्या बादलीचे पाणी बदलणारा माणूस सोबत आणावा. या गावात तो मिळणार नाही.

कळावे. नम्रता जेवढी शिल्लक होती तेवढी वर वापरली आहे.

एउफेमिया ओसोर्तो
(सही)
पुंता कांग्रेहो, झावळ्यांच्या रविवारआधीचा शुक्रवार

सोबत :
१. पंचनाम्याची प्रत.
२. फुटलेले सील.
३. आजचा मुद्देमाल, केळीच्या पानात. रक्षकाच्या तोंडी सूचनेप्रमाणे तळला आहे. नियम चारप्रमाणे अर्जदार हिने चाखलेला नाही. लिंबू आपले आपण पाहावे.