चौथ्या सांध्याची पिन

पट्टीचे टोक टेबलावर आपटले की टक्, आणि अख्खी पट्टी आपटली की टाक्. टक् टाक् टाक्, टक् टाक् टाक्. सन १९४१ साली चांदवडच्या शाळेत आमचे गुरुजी आम्हाला कविता अशी शिकवीत, आधी आवाज आणि मग अर्थ. लघु कोणता आणि गुरू कोणता हे आम्हाला कानाने कळे. आज सकाळपासून तोच आवाज डोक्यात चालू आहे, म्हणून आधी तो लिहून मोकळा होतो आणि मग कायद्याचे लिहितो.

मी, वाल्मीक कारभारी आहेर, वय वर्षे एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त आरेखक, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र आज रविवार दिनांक १७ फेब्रुवारी २००२ रोजी माझ्या स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र जाग्यावर नाही. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की मन जाग्यावर असण्याची अट कायद्यात नाही, बुद्धी असली की पुरे.

परवा मंगळवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. लिहायला बसायचे ठरवले ते त्या भीतीने, पण आता लिहितो आहे ते दुसऱ्याच भीतीने. माझी मुलगी सरिता आज सकाळी आठ वाजता माझी गाडी घेऊन चांदवडला गेली. माझी थोरली बहीण बायडाबाई हिला ऑपरेशनपुरते इकडे घेऊन येण्यासाठी. त्या गाडीत माझ्या हातची एक चूक आहे. ती तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे. चारपर्यंत दोघी परत यायच्या आहेत. आता सव्वाबारा झाले आहेत.

कलम १. घर. गंगापूर रोडवरील माझे तीन खोल्यांचे घर मी सरिताला देत आहे. मुलगा मनोज पुण्याला स्वतःच्या घरात आहे आणि "नाना, घर ताईलाच द्या" हे तो आपणहून बोलला, त्याची इथे नोंद करतो, म्हणजे पुढे सुनेने काही काढू नये. घर बांधले तेव्हा मागे द्राक्षाची बाग होती आणि संध्याकाळी खिडकीतून ओल्या मातीचा वास येई. आता मागे इमारती आहेत आणि खिडकीतून दुसऱ्यांचे टीव्ही दिसतात. सरिता शाळेत गणित शिकवते. तिने लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारायचा माझा अधिकार १९९१ सालीच संपला, कारण तिने आणलेले स्थळ मी मोडले होते. त्याबद्दल ती मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

कलम २. पोस्टातील व बँकेतील जी काही शिल्लक असेल तीतून बायडाबाईची औषधे तिच्या हयातीपर्यंत आणावीत. उरेल ते दोन्ही मुलांनी निम्मे घ्यावे. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. गाडी. सन १९७६ ची फियाट, रंग एके काळी दुधी. माझ्या पश्चात ही गाडी सरिताकडे राहील, मात्र ती कोणीही, कोणत्याही कारणाने मोडीत देऊ नये किंवा विकू नये. ही अट आहे. मनोज म्हणतो, "नाना, ती गाडी राहिली नाही, ती तुमची कविता आहे. कविता पार्किंगमध्ये का ठेवायची?" त्याला उत्तर असे की माझी पत्नी कै. लंकाबाई हिच्यासोबत मी या गाडीतून जेवढा संसार केला तेवढा घरात केला नाही. घरात ती स्वयंपाकघरात आणि मी ड्रॉइंग बोर्डावर. गाडीत दोघे शेजारी.

या गाडीचा गिअर खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. तिथून लोखंडी दांड्या इंजिनाच्या कडेने गिअरबॉक्सपर्यंत उतरतात, आणि जिथे दांडीला दांडी मिळते तिथे बोटाच्या पेराएवढा एक बुश बसवलेला असतो. तो झिजला की दांडी भोकात खेळायला लागते आणि हातातला गिअर पडायला आलेल्या दातासारखा हलतो. आमचे बुश नव्वदच्या सुमारास गेले. दुसरा गिअर शोधावा तर रिव्हर्स सापडे. तिसरा तर पडून पुन्हा निसटे, म्हणून उतारावर लंकाबाई डाव्या बाजूने हात लांब करून गिअर धरून बसायची आणि मी नुसते स्टिअरिंग सांभाळायचो. "मी आहे म्हणून गाडी चालते," असे ती सगळ्या नातेवाइकांना सांगे, आणि ते खरेच होते. ती १९९६ साली गेली. त्यानंतर गिअर धरायला कोणी नव्हते, तरी बुश बदलायचे मनात येत नव्हते.

कलम ४. निवृत्ती मिस्त्री यांना माझ्याकडून काहीही नाही. यांचे पंचवटीत गॅरेज आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे बुशची चौकशी करायला गेलो आणि म्हणालो, मापे मला काढून द्या, मीच बसवतो, आयुष्यभर धरणाच्या दरवाजांचे आराखडे काढलेत. त्यावर ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आहेरसाहेब, तुमचे हात पेन्सिलीचे. पान्याला नका लावू, पान्याला राग येतो." सगळे हसले. त्याचे मला काही वाटले नाही. पण सरिता शेजारी उभी होती, आणि तीही हसली. म्हणून हे काम मी स्वतः केले. मिस्त्रींवरचा राग मी मरेपर्यंत ठेवणार होतो. आज सकाळपासून तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

कलम ५. चूक. ही गोष्ट मृत्युपत्रात बसत नाही हे मला समजते, पण दुसरा कागद घेऊन बसण्याइतका धीर नाही.

काल शनिवारी दुपारी मी बॉनेट उघडून कामाला लागलो. सांधे चार. जुना बुश स्क्रू ड्रायव्हरने काढायचा, नवा गरम पाण्यात मऊ करून, ग्रीस लावून अंगठ्याने दाबून बसवायचा, त्यात दांडी घालायची, वर वॉशर, आणि वॉशर निसटू नये म्हणून आडवी स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय पकडीने वाकवायचे. पिन नसेल तर हादऱ्याने वॉशर पडतो, मागोमाग दांडी सुटते, आणि हातातला गिअर नुसता हलत राहतो, गाडीला काही कळत नाही. सपाटीवर गाडी उभी राहील. उतारावर सुटली आणि गिअर पडलेला नसला, तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेकही गाडीच्याच वयाचे आहेत.

काम करताना मला कविता लागते. सातवीतली एक जुनी कविता मी म्हणत होतो, एका सांध्याला एक चरण. पहिला चरण, पहिला सांधा. दुसरा, तिसरा, सगळे यथास्थित. चौथ्या सांध्याला बुश बसवला, दांडी घातली, वॉशर चढवला, आणि चौथा चरण आठवेना. तीन चरणांवर कविता सोडणे मला जमत नाही. आत गेलो, कपाटातून क्रमिक पुस्तक काढले. चरण सापडला. मग पुढची कविता वाचली, तिच्या पुढचीही वाचली. सरिताने चहा आणला. "नाना, झालं का?" "झालं," मी म्हणालो. बाहेर येऊन बॉनेट लावले. मनात चार चरण पुरे झाले होते, त्यामुळे सांधेही चार पुरे झाले असेच मी धरले. कॉलनीत एक चक्कर मारली. टक् टाक् टाक्. बारा वर्षांनी गिअर वृत्तात पडत होता. मला रडू आले.

आज सकाळी ती गेल्यावर हत्यारे आवरताना कागदाची पुडी हाताला लागली. दुकानातून नव्या चार पिना आणल्या होत्या. पुडीत एक होती.

वाटेत चहाला ती पिंपळगाव बसवंतला माझ्या मेव्हण्यांकडे थांबणार होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तिथे फोन लावला. तीच फोनवर आली.

"नाना! अहो, काय जमवलंय तुम्ही! लोण्यासारखा पडतोय गिअर. आता एकदा गाडी निवृत्ती मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी करू. तोंड बघू त्याचं."

"हो?"

"हो म्हणजे काय! आत्ता मामांना तेच सांगत होते, आमच्या नानांनी एकट्यांनी केलं म्हणून. तुमचं काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सावकाश जा."

पिन तेव्हा माझ्या मुठीत होती.

अकरा मिनिटांनी पुन्हा फोन केला. मेव्हणे म्हणाले, "गेली की, आत्ताच फाटकाबाहेर पडली. का हो दाजी, काय झालं?" त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. पाच मिनिटांत त्यांनी तिला गाठले असते. मी म्हणालो, "काही नाही."

पहिल्या वेळी मला तिच्या कौतुकाने गप्प केले. दुसऱ्या वेळी मला लाजेने गप्प केले. भेद एवढाच. चांदवडला बायडाबाईकडे फोन नाही. पुन्हा पिंपळगावला फोन करायचा तर काय सांगणार, आधी दोनदा खोटे बोललो म्हणून? रिसीव्हर ठेवला, बारापर्यंत तसाच बसून राहिलो आणि मग हे कागद पुढे ओढले. तेव्हापासून फोन एकदाही वाजलेला नाही, हे चांगले की वाईट ते कळत नाही.

कलम ६. हत्यारे मनोजला. पाने, पकड, ऑईलचा डबा, सगळे. त्याला लागणार नाहीत, तरी त्यालाच. ड्रॉइंगची पेटी सरिताला. चौथी ते अकरावीची माझी क्रमिक पुस्तके कोणाला द्यावीत? काल रात्रीपर्यंत मी ती कोणालाही हात लावू देत नव्हतो. आता वाटते, रद्दीत गेली तरी हरकत नाही. पुढे, शांत डोक्याने हे वाक्य पुन्हा वाचावे आणि वाटल्यास खोडावे.

अडीच वाजले. आता त्या निघाल्या असतील. चांदवडचा उतार पहिल्या पंधरा मिनिटांतच लागतो.

कलम ७. माझे दिवसकार्य थोडक्यात करावे. भाषणे नकोत. कोणाला कविता म्हणावीशी वाटली तर पूर्ण पाठ असेल तरच म्हणावी.

साडेतीन. पहिला साक्षीदार, शेजारचा शेखर निकम, आला आहे. तो विमा कचेरीत असल्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचता वाचता म्हणाला, "नाना, हे मृत्युपत्र आहे का जबाब?"

"एका कागदावर दोन्ही चालतील का?"

"चालतील. पण ज्याला काही मिळतंय त्याची साक्षीदार म्हणून सही नको. दुसरे कोण येतायत?"

दुसरे म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरी. ते लग्नाला गेले असल्याचे शेखरनेच सांगितले. मग तो पाचव्या कलमापर्यंत वाचत आला. चष्मा काढून म्हणाला, "सकाळी मला हाक मारायची ना. स्कूटर होती की माझ्याकडे." तेही मला सुचले नव्हते.

चार. सव्वाचार. साडेचार. शेखरने दोनदा चहा करू का विचारले. पाचला दहा कमी असताना दाराची कडी वाजली. सरिता कडी वाजवत नाही, फाटकापासूनच हाक मारते. शेखरने दार उघडले. दारात एक अनोळखी मनुष्य, डोक्याला उपरणे, अंगावर धूळ. त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"आहेर नाना हितंच ऱ्हातात का?"

"हो, इथेच," शेखर म्हणाला.

"ताई ठीक हायेत. आधी हे सांगा, मग बाकीचं, असं म्हणल्या ताई."

ते पुंजा भोये. यांचा टेंपो आहे, चांदवडहून कांदा भरून नाशिकला येत होते. "उतार लागला आन् गिअर नुसता हातात लोंबाय लागला. पर ताई लय हुशार. ब्रेक, हँडब्रेक, ब्रेक, हँडब्रेक करत गाडी कडंच्या मुरमात घातली. मी मागंच व्हतो. चाकाला दगड मी लावले."

"आणि बायडाबाई?" मी विचारले.

"आजी लिंबाखाली बसल्यात. मलाबी भाकर दिली. म्हणल्या, आमचा वाल्मीक बारका होता तवापासून अर्ध्यातून उठून जातो."

"अहो, मग फोन?" शेखर म्हणाला.

"तीनदा केला ताईंनी ढाब्यावरनं. तुमचा फोन एंगेज."

शेखर आणि मी एकदमच वळलो. रिसीव्हर फोनवर नव्हता. सकाळपासून तो क्रमिक पुस्तकावर आडवा पडून होता.

पुंजा दारातच उभे होते. म्हणाले, "अजून एक हाय. ताई म्हणल्या, काय चुकलं म्हणून नानांना विचारू नका. सकाळी फोनवर ते गप झाले व्हते. आपणहून सांगत्यात का, तेवढं बघा."

मी सांगितले. पुडी, चौथा चरण, पिंपळगावचा पहिला फोन, दुसरा फोन, "नाही" आणि "काही नाही". पुंजांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "मग चला की. कांदा उतरवलाय, मला परत तिकडंच जायचंय."

कलम ८. कलम ३ मधील अट मी या क्षणी रद्द करतो. गाडी सरिताची, आजपासून, मी जिवंत असतानाही. तिने ती ठेवावी, विकावी, मोडीत द्यावी. माझ्या आठवणींचा भार तिच्यावर नाही. आज तिथे गेल्यावर मी गाडीला हात लावणार नाही. जे सांगायचे ते तिला तोंडाने सांगेन, आणि जमले तर १९९१ चेही सांगेन.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, टेंपो दारात उभा असताना घाईने पण राजीखुशीने सही करत आहे.

ठिकाण: गंगापूर रोड, नाशिक
दिनांक: १७ फेब्रुवारी २००२, सायंकाळी सव्वापाच

(सही) वाल्मीक कारभारी आहेर

साक्षीदार १: (सही) शेखर निकम, शेजारी. लिहून देणाऱ्याशी ओळख: चौदा वर्षांची.

साक्षीदार २: (सही) पुंजा भोये, टेंपोचालक, तालुका पेठ. लिहून देणाऱ्याशी ओळख: पंचवीस मिनिटांची. मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आहे.