ओव्हनची रिकामी फेरी

प्रिय दंतदादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात ओलं फडकं आहे, चालवून घे). मावशीचा गुडघा कसा आहे? तुझ्या कवळ्यांच्या धंद्याची चौकशी करत नाही, कारण माणसं म्हातारी व्हायची काही थांबत नाहीत. आमच्याकडे सगळं ठीक आहे. सगळं ठीक असताना हा एवढं लांबलचक पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात येईल. जरा दम धर. सकाळपासून मी तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की स्वयंपाकघरात जावंसं वाटतं आणि स्वयंपाकघरात साफसफाईखेरीज मला मज्जाव आहे.

कारण तो ओव्हन. लेकीनं पाठवलाय. त्यात मायक्रोवेव्ह आहे, गरम हवेची भट्टी आहे, ग्रिल आहे आणि कॉम्बिनेशन नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की मायक्रोवेव्ह आणि भट्टी, दोन्ही कामं एकदम. तुला ठाऊकच आहे, मी बत्तीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं आखली. एका फेरीत दोन कामं, हे वाचून मला भरून आलं. हिचं मत निराळं. मी निवृत्त झालो ही माझी अडचण, ती तिच्या ओव्हननं का भोगावी? शेवटी वाटणी झाली. भाजायचं-शिजवायचं तिनं, साफ करायचं मी.

(थांब, ओव्हन वाजला. नाही, शेजारच्यांचा होता.)

साफ करणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काचेची ताटली आणि तिच्याखालचं चाकांचं कडं बाहेर काढून खुशाल घासा, पण आतल्या भिंतींना खरखरीत घासणी लावायची नाही, वरच्या ग्रिलला हात लावायचा नाही, मागच्या पंख्याच्या जाळीत पाणी जाऊ द्यायचं नाही. म्हणजे जिथं तेल उडतं तिथं हात लावायचा नाही आणि जिथं हात लावायचा तिथं काही उडतच नाही. पहिल्याच आठवड्यात मला उजव्या भिंतीवर पुठ्ठ्याचा एक चौकोन दिसला. कंपनीनं पॅकिंग तसंच सोडलंय, काय ही बेफिकिरी, म्हणून मी तो सुरीनं सोडवून केराच्या डब्यात टाकला. संध्याकाळी हिनं दूध तापायला ठेवलं, तर आत ठिणग्या! तो पुठ्ठा नव्हता, अभ्रकाचा पत्रा होता. दुरुस्तीवाल्यानं नवा बसवला आणि जाताना मला म्हणाला, "काका, तुम्ही आता फक्त दार पुसत जा. तेही बाहेरून."

मग हिनं मला एक सोपी रीत नेमून दिली. काचेच्या वाडग्यात लिंबू पिळलेलं पाणी, पाच मिनिटं मायक्रोवेव्ह, वाफेनं चिकटा सुटला की मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. वाडगं ती स्वतःच भरून ओट्यावर ठेवते. माझी अक्कल मध्ये येऊ नये, हा हेतू.

मागच्या मंगळवारी दुपारी हिला ब्रेड भाजायचा होता. दोनशे अंशांवर ओव्हन तापत ठेवून ही शेजारी गेली. मी सहज डोकावलो. आत दिवा लागलाय, पंखा फिरतोय आणि प्रवासी एकही नाही! दादा, रिकामी फेरी मला अजून बघवत नाही. आमच्या आगारात गाडी एरवी रिकामी परतणार असेल, तर तिच्यातून निदान जुने टायर तरी यायचे. म्हटलं, तापतोच आहे तर साफसफाईही उरकून घेऊ. ओट्यावरचं वाडगं उचललं (चष्मा कपाळावर होता), आत ठेवलं, कॉम्बिनेशन दाबलं आणि हात आखडता कशाला घ्या, म्हणून वीस मिनिटं लावली.

वीस मिनिटांनी दार उघडलं. वाफ विरली. पाणी आटलं होतं आणि वाडग्याच्या तळातून सासरेबुवा माझ्याकडे बघून हसत होते.

म्हणजे सासरेबुवा पलीकडच्या खोलीत झोपले होते. हसत होती ती तू बनवलेली त्यांची कवळी. दुपारच्या झोपेआधी ते कवळी स्वच्छ करणारी गोळी टाकलेल्या पाण्यात ती बुडवून न्हाणीघरात ठेवतात, पण त्या दिवशी तिथं नळवाल्याचं काम चाललं होतं, म्हणून वाडगं ओट्यावर आलं. गोळीचं पाणी लिंबाच्या पाण्याइतकंच गढूळ दिसतं, हे ज्ञान मला फार उशिरा झालं. मी कवळी गार केली, पुसली, ताज्या पाण्यात नवी गोळी टाकून होती तिथं ठेवली आणि तोंड मिटून बसलो.

चार वाजता ते उठले. कवळी बसवली, काढली, परत बसवली. वरची डावीकडे टेकते आणि उजवीकडे तरंगते. आता ओरडणार म्हणून मी खांदे आवळून उभा. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हणाले, "हिरड्या सुकायला लागल्या. आमच्या वडिलांचंही असंच झालं होतं. त्यानंतर दीड महिनाच काढला."

तेव्हापासून कवळी रुमालात गुंडाळलेली आहे. रोज सकाळी दोन तास मोठ्यानं पेपर वाचून माझं डोकं उठवणारा माणूस गप्प झालाय. त्यांनी कपाटातले कागद लावून ठेवले, बुद्धिबळाचा पट मला दिला, चांगला मफलर नळवाल्याला दिला. ही न्हाणीघरात नळ सोडून रडते. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "गाडीची वेळ झाली की डॉक्टर काय करणार?" हे मला ऐकवतात, वेळापत्रकवाल्याला! त्यांना काही झालेलं नाही आणि हे घरात एकट्या मला माहीत आहे. लाज वाटते रे. रोज सांगायचं ठरवतो, त्यांच्या दारापर्यंत जातो आणि "बाबा, पंखा लावू का?" असं विचारून परत येतो. आठ दिवसांत चौदा वेळा पंखा लावलाय. आता ते स्वेटर घालून बसतात.

बाकी सर्व क्षेम. मावशीला नमस्कार सांग, गुडघ्याला जप म्हणावं.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबतच्या डबीत कवळी आहे. साचा तुझ्याकडे असेलच, सरळ करता आली तर कर, नाहीतर नवी बनव. रुमालात तिच्या जागी मी साबणाची वडी गुंडाळून ठेवलीय, तेव्हा कुणाजवळ बोलू नकोस.

ता. क. दुसरा. शिवाय बाबांना एक निराळं पत्र लिही. हवा बदलली की कवळ्या वाकतात, असं काहीतरी शास्त्रीय. तुझं ते ऐकतात.

ता. क. तिसरा. वरचा दुसरा ता. क. रद्द समज. तो लिहून पाणी प्यायला उठलो आणि पाय त्यांच्या खोलीत गेले. पंखा तोंडातून निघायच्या आत सगळं सांगून टाकलं. वाडगं, कॉम्बिनेशन, वीस मिनिटं, साबण, सगळं. ते म्हणाले, "म्हणजे मी मरत नाहीये?" म्हटलं, इतक्यात तरी नाही, बाबा. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. तर ते रागानं लाल! झालंय असं, की दिवस भरत आले या समजुतीनं त्यांनी परवा आपल्या धाकट्या भावाला फोन केला. उसन्या नेलेल्या एका शिडीवरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. बाबांनी सगळी चूक आपल्या पदरात घेतली, माफी मागितली, तो ढसाढसा रडला आणि आता येत्या रविवारी मुक्कामाला येतोय. "चूक त्याचीच होती!" बाबा ओरडले. आठ दिवसांनी ओरडले, दादा. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तेव्हा काही कर, पण कवळी शनिवारच्या आत पोचव. बाबांनी निरोप दिलाय, अकरा वर्षांचं भांडण बोळक्या तोंडानं होत नाही.