दादूची हाळी

२९ सप्टें., सोमवार
सकाळची विचारपूस. गाईचा खूर सुकला. सूनबाईचा खोकला उतरला. माझा गुडघा आहे तिथंच आहे. राहिली ही. ‘तुझं काय गं?’ हळूच विचारलं. ‘बरं हाय की,’ चुलीपासनंच उत्तर. भोरच्या शिबिरात हिला कानाचं मशीन मिळाल्यापासून घरात आरडाओरड न्हाई. आता एकच ध्यास, औंदा भाऊबीजेला दादूची हाळी ऐकायची.
दादू तिचा थोरला भाऊ. धरणाआधी नदीपल्याड राहायचा. भाऊबीजेला पल्याडच्या काठावरनं हाळी द्यायचा, की ही पिठाच्या हातानं पळत सुटायची. मी म्हणायचो, नवऱ्याच्या हाकेला कधी एवढी पळाली न्हाईस.

१ ऑक्टो., खंडेनवमी
कोयता, विळा, कुदळ पाटावर मांडली. हिनं कानातलं मशीनही काढून ठेवलं. ‘तेबी राबतंय की.’ पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. परत कानात घातलं तर मुकं.

२ ऑक्टो., दसरा
सुईनं कुंकू टोकरत बसलो. सूनबाई म्हणाली, ‘मामंजी, आता हाय तेवढं तरी राहू द्या.’ सुई ठेवली. सोनं द्यायला माणसं आली, ही नुसती हसत होती.

६ ऑक्टो.
कापूरहोळला मोबाईलवाल्यानं उलटंपालटं करून बघितलं. ‘बाबा, हे पुण्याचं काम.’ वेल्ह्यात न्हाई, भोरात न्हाई. मशीन फुकट मिळालं, दुरुस्तीला मात्र घाट उतरा. शिबिरातल्या बाईंना फोन केला. ‘पाठवा, दिवाळीआधी होईलच असं नाही.’ पाठवलं.

१७ ऑक्टो., वसुबारस
बाईंचा निरोप न्हाई. ही ओट्यावर, धरणाकडं तोंड करून. ‘तिथनं यायची हाळी,’ म्हणाली. बोट दाखवलं तिथं नुसतं पाणी.
गाव धरणात गेलं, दादू आता वरव्याला ऱ्हातो. दम्यानं आवाज पार बसलाय. हे हिला अजून…

२३ ऑक्टो., भाऊबीज
दादू टेम्पोनं आला. अंगणात धाप टाकत माझ्या कानाशी, ‘दाजी, हाळी काय निघंना.’
तेवढ्यात ही ताट घेऊन दारात. ‘वळणावर हाळी दिलीस न्हवं?’
दादूनं माझ्याकडं बघितलं. मग होय म्हणून मान हलवली.
‘ऐकली म्या,’ म्हणाली, नि ओवाळायला लागली.
तो गेल्यावर बाईंना मोबाईलवर लिहून धाडलं: बाई, मशीन झालं का? भावाचा आवाज थोडाच उरलाय. हो-न्हाई काय ते लवकर कळवा.